कोरी चौकट

"आवाज नाही," सदाशिव भिंतीवरच्या फोनमध्ये म्हणाला.

"लिहिलं. आहात ना?" पलीकडून नोंदवहीवाल्या बाईंनी विचारलं.

"आहे."

दोन किलोचं वजन दोरीने वर चढवायचं आणि तोफेच्या चिमूटभर दारूवर सोडायचं. भडका उडून आवाज झाला तर पुढच्या वेळी उंची एक खूण कमी, नाही उडाला तर एक खूण जास्त. दारू किती धक्क्याला बिथरते, ते असं कळतं. खोलीत एकच माणूस, हा नियम. काही झालंच तर एकच जावा. आणि वजन पडलं की बाईंनी भिंतीपलीकडून विचारायचं, हाही नियमच.

एकटा जीव सदाशिव, म्हणून कारखान्यात त्याचं नाव सदाशिव पडलं होतं. आई गेल्यापासून घरी 'आलास का रे' म्हणणारं कोणी नव्हतं. इथे दिवसातून पन्नासदा कोणीतरी विचारत होतं. सकाळी फाटकाशी मान हलवण्यापलीकडे बाईंशी बोलणं नव्हतं, तरी एकोणीस वर्षं तो त्या दोन शब्दांवर जगत होता. त्याची त्याला लाजही वाटे.

आता नव्या साहेबांनी फर्मान काढलं होतं. दारूच्या खोलीत काम करणाऱ्या ज्याच्या नोकरीच्या कागदावर 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे' ही चौकट कोरी, त्याची रवानगी गोदामात. सदाशिवने ती पहिल्याच दिवशी कोरी सोडून कागद बाईंच्या हातात दिला होता. आता खोटं नाव लिहावं तरी कोणाचं? जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला मागेपुढे कोणी नाही. गोदामात पाठवा."

साहेबांनी फाइल उघडली. "चेष्टा करता का? नाव आहे की इथे. शाईसुद्धा फिकी झालीय."

अक्षर नोंदवहीतलं होतं. बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. नात्याच्या रकान्यात होतं, 'रोज विचारते.'

तो खोलीत परतला. दार लावलं, वजन चढवलं, सोडलं. भडका उडाला.

"आवाज."

"लिहिलं. आहात ना?"

"आहे." त्याने घसा खाकरला. एकोणीस वर्षांत याच्यापुढे तो कधी गेला नव्हता. "बाई, तुमच्या कागदावर कोणाचं नाव आहे?"

पलीकडे पेन थांबलं.

"कोरी आहे हो चौकट," बाई म्हणाल्या.