नकाशावरची नूपुर

सकाळी अकराला सुमंतच्या फोनवर सूचना आली : नूपुर कन्हानहून निघाली.

नूपुर त्याची बायको, आणि ती लकडगंजच्या घरात त्याच्यासमोर मेथी निवडत बसली होती.

घरची माणसं कुठे पोहोचली हे नकाशावर दाखवणारं अ‍ॅप सुमंत एकटाच बनवत होता. चाचणीसाठी त्याने तिच्या नावाचं एक खोटं खातं उघडलं होतं आणि ते पुसायचं राहून गेलं होतं.

"तुमचं अ‍ॅप दुसरी बायको आणून राहिलं वाटते," नूपुर हसली.

त्याने खातं पुसलं. तरी नकाशावरचा तिचा ठिपका कामठी ओलांडून पुढे आला. मग त्याने सर्व्हरच बंद केला. ठिपका त्यांच्या गल्लीत वळला.

"तुझा फोन बंद कर वं."

"केला ना. काहून घाबरवून राहिले मले?" म्हणत ती भाजी धुवायला आत गेली.

ठिपका दारापाशी थांबला. नूपुर घरी पोहोचली, अशी सूचना आली.

"नूपुर!" त्याने स्वयंपाकघराकडे बघत हाक मारली.

"आली ना. दार तर उघडा," तिचाच आवाज बाहेरून आला.

स्वयंपाकघरातला नळ चालूच होता. तिथून कोणी ओ दिली नाही.