पाचशे बारा एमबी

किशोर गावंडेनं सगळ्यांसमोर आयकॉनवर दोनदा क्लिक केलं. पडद्यावर खिडकी उघडली, यादी अर्धी भरली, आणि मेमरी संपली असं सांगून प्रोग्राम बंद पडला. त्याला हेच हवं होतं.

“पाहा साहेब,” तो चौकशी अधिकाऱ्याला म्हणाला, “तक्रारींची यादीच उघडून नाही राहिली. हिनंच केलेला प्रोग्राम आहे. विचारा हिले.”

रईसा त्याच्या खुर्चीमागे उभी होती. दोन वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, याच किशोरनं तिला बियाणे कंपनीच्या अकोल्याच्या ऑफिसातून हाकललं होतं. तेही अख्ख्या स्टाफसमोर, बिनकामाचा प्रोग्राम केला म्हणून. बिनकामाचा! न उगवलेल्या बियाण्याच्या अकराशे चाळीस तक्रारी तिनं त्यात भरल्या होत्या, एकेका अर्जाच्या फोटोसकट. एवढं ओझं आयकॉनवरून उघडत नाही, कमांड देऊन, जास्त मेमरी सांगून सुरू करावं लागतं, हे तिनं त्याला दहादा सांगितलं होतं. तो हसला होता. राहू दे तसंच, म्हणाला होता. न उघडणारी यादी त्याच्या सोयीचीच होती.

आता त्या बियाण्याची सरकारी चौकशी लागली, तेव्हा या हरामखोराला तिची आठवण आली. प्रोग्राम खराब आहे एवढं साहेबांसमोर कबूल कर आणि एक तारखेपासून कामावर ये, असा निरोप त्यानं मूर्तिजापूरला तिच्या घरी धाडला. ती लगेच हो म्हणाली. लेक खोटं कबूल करायला निघाली म्हणून अम्मी दिवसभर चिडलेली होती. रईसानं तिलाही खरा बेत सांगितला नाही. दोन वर्षं ती याच दिवसाची वाट पाहत होती.

अधिकाऱ्यानं पेनचं टोपण काढलं. नोंदी उपलब्ध नाहीत एवढं लिहिलं की प्रकरण बंद होणार होतं, आणि अकराशे चाळीस माणसं खोटी ठरणार होती.

“साहेब, ते तसं उघडत नसते,” रईसा म्हणाली. “सरका, सर.”

ती खुर्चीत बसली. कमांडची काळी खिडकी उघडून तिनं पाचशे बारा एमबी मेमरी मागणारी एकच ओळ टाइप केली.

java -Xmx512m -jar takrar.jar

किशोरचा हात कॉम्प्युटरच्या वायरीकडे गेला. अधिकाऱ्यानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मागे आला. यादी भरत गेली. पातूर, बाळापूर, मूर्तिजापूर, वलगाव. शेवटच्या नावापर्यंत भरली आणि थांबली. किशोरच्या तोंडचं पाणी पळालं, पण रईसाचं तेवढ्यानं समाधान होणार नव्हतं.

कुठलीही एक तक्रार दाखवा, अधिकारी म्हणाला. तिला शोधावी लागली नाही. सहाशे चौदा नंबर तिला तोंडपाठ होता. अर्जाचा फोटो उघडला. निळी शाई, वाकडं अक्षर. ते अक्षर पाहताच किशोरनं टेबलाची कड धरली.

“वाचा, सर,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा. मी याच्याचसाठी आली.”

अधिकाऱ्यानंही वाचायची खूण केली. किशोर वाचायला लागला.

“पुंजाराम गावंडे, वलगाव. चार एकर. दोनदा पेरलं, उगवलं नाही. माझा पोरगा तुमच्याच कंपनीत साहेब आहे. त्याले बिचाऱ्याले यातलं काही माहीत नाही. त्याच्या नोकरीले धक्का लावू नका.”