सातव्याची जागा

“ते चित्र काढून टाक,” लॅपटॉपवरून सर तिसऱ्यांदा म्हणाले. “चपटे रेणू तांब्यावर अंग पसरून पडतात. तुझ्या चित्रात ते काडीसारखे बारीक दिसतायत. नमुना खराब आहे.”

सुरुचीने ते चित्र पुन्हा मोठं करून पाहिलं. काढून टाक म्हणायला सरांचं काय जातं! पाच वलयांचे ते लांबट, चपटे रेणू तांब्यावर कसे रचले जातात, हे पाहण्यात तिची तीन वर्षं गेली होती. त्यातलं सूक्ष्मदर्शकाने टिपलेलं हे एकच चित्र नवं, तिचं स्वतःचं. ते गेलं की प्रबंधात उरणार काय, तर दुसऱ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं.

“आणि कॅमेरा का बंद आहे?”

“नेटवर्क नाहीये, सर,” ती धडधडीत खोटं बोलली. तुळिंजच्या नेटवर्कला काही धाड भरली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बसली होती. समोर, घरातल्या एकुलत्या एका खोलीत, रविवारचं जेवून सहा जण ओळीने उताणे पडले होते. यमुनाआत्याची इमारत धोकादायक ठरल्यापासून तिचं बिऱ्हाड इथेच होतं. ही दाटी सरांना दिसू नये, म्हणून सगळा खटाटोप.

तेवढ्यात आत्याचे यजमान कृष्णाकाका दळण घेऊन आले. डबा ठेवून त्यांनी पडायला जागा शोधली. तसूभर नव्हती. “सरका जरा,” म्हणत ते भिंतीशी घुसले. बाबा कुरकुरत कुशीवर वळले. मग आई, मग भाऊ सिद्धेश, मग आत्या आणि तिच्या दोघी मुली. अख्खी ओळ कुशीवर झाली आणि काका मावले.

सुरुची बघतच राहिली. मग तिने घाईघाईने वही उघडली. बारीक रेणू दिसलेल्या सगळ्या नमुन्यांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येकात तिने तांब्यावर रेणू जास्त सोडले होते. विरळ नमुन्यांत एकही बारीक नव्हता.

“मग? काढतेस ना?”

“नाही काढणार.”

तिने कॅमेरा चालू केला आणि लॅपटॉप उचलून सरळ खोलीकडे फिरवला. मघाची लाज कुठच्या कुठे पळाली होती. आता तिला रागही आला होता आणि आनंदही झाला होता.

“हे काय आहे?”

“माझं घर, सर. पाच मिनिटांपूर्वी इथे सहा जण उताणे पडले होते. सातवे आले. कोणी बाहेर गेलं नाही, सगळे कुशीवर वळले. तांब्यावर तेच झालंय. रेणू चपटेच आहेत, आपल्याला त्यांची कड दिसतेय.”

सर चष्मा वर करून बोटाने ती ओळ मोजू लागले.

“नमुना खराब नाहीये, सर,” सुरुची म्हणाली. “भरलाय.”