मोज्याची लाल बोटं

वेणूने हातातल्या मोज्यानेच मानेवरचा घाम पुसला आणि मोज्याची बोटं लाल झाली.

पॅकहाऊसमधल्या त्या मोज्यांवर सोन्याचा आणि कार्बनचा कातडीसारखा लवचीक थर होता. द्राक्षाच्या घडाला नुसता हात लावला, की फवारणीचं औषध किती उरलंय ते कळायचं. बोटं हिरवी झाली की घड परदेशी जायचा. लाल झाली की मुकादम उदार व्हायचा. "न्या गं घरी, त्या तिकडच्या लोकांचे फार नखरे!" फुकटच्या पिशवीपुढे बायांनाही ते पटायचं. डोहाळे लागलेल्या वेणूला तर सगळ्याजणी आपल्यातले आंबट घड काढून द्यायच्या.

"रस लागला असेल," शेजारची सगुणाबाई म्हणाली.

वेणूने मोजा धुतला, पुसला, मनगटावर टेकवला. लालच.

"बिघडलाय मेला! आण इकडे." सगुणाबाईने तिचा हात ओढून स्वतःच्या घामेजल्या गळ्यावर ठेवला. बोटं हिरवीगार झाली. सगुणाबाईला मधुमेह होता. दहा वर्षांत तिने एकही द्राक्ष तोंडात टाकलं नव्हतं.

पोटात बाळ हललं, तशी वेणू भेदरली. "तुम्हीपण कुणीतरी लावून बघा ना गं," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या एकटीचंच असं आहे का?"

घड वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यापाशी आणखी बारा जणी होत्या. एकीनेही बोट अंगाला लावलं नाही. रोज भरून नेलेल्या पिशव्या त्यांनी काही एकट्यांनी संपवल्या नव्हत्या. घरी पोरं होती.