वेशीवरचा ताटवा

सुंदर गाव स्पर्धेच्या परीक्षक विशेबाई मुरबाडजवळच्या त्या गावात दुसऱ्यांदा आल्या होत्या. वेशीवर झेंडूचा ताटवा फुलला होता. कडेचे दगड चुन्यानं रंगवले होते, पण तीन दगडांचा चुना उडून काजळी दिसत होती. "हे चुलीचे दगड ना?" त्यांनी विचारलं. झेंडूला पाणी घालणारी गोजरआजी लगबगीनं पुढे आली. "हो बाय, माझीच चूल. इथंच माझी झोपडी होती. गेल्या साली तुमीच लिवलंत, वेशीवरची झोपडी बरी दिसत नाय. म्हणून गावानं मोडली. यंदा तरी नंबर येल ना?"  ते वाक्य विशेबाईंनी चहा पिताना सहज लिहिलं होतं. "आता राहता कुठे?" "शाळेच्या पडवीत." सोबत आलेले सरपंच म्हणाले, "बाई, पुढची बाग बघू." "बाग राहू द्या. आधी आजींचं घर बांधा. चूक माझी होती."