सव्वापाचची बस

महापालिकेच्या सभागृहात शहराच्या वाहतूक आराखड्यावर नागरिकांच्या सूचना ऐकणं चाललं होतं. निवृत्त केळुसकर सरांची मागणी एवढीच, की गावाबाहेरच्या नव्या वसाहतीकडे जाणारी शेवटची बस सव्वापाचऐवजी आठला सुटावी, म्हणजे वाचनालयात निवांत बसता येईल. चौदा पानी निवेदन तीनदा लिहूनही त्यांना ते कच्चंच वाटत होतं.

आधीच्या सगळ्यांनी पार्किंगच मागितलं. सरांचं नाव वसाहतीसकट पुकारलं तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ते उठले, घसा खाकरला आणि पहिलं वाक्यच विसरले.

"बोला आजोबा," अधिकारी बाई म्हणाल्या.

"मॅडम, मी निघू का? शेवटची बस जाईल."

सभागृहात हशा पिकला. बाईंनी मात्र घड्याळ पाहिलं, समोरच्या निवेदनाचं पहिलं पान चाळलं आणि कारकुनाकडे वळल्या.

"आत्ताच शेवटची? म्हणूनच इथे सगळे गाडीवाले जमलेत! आठपर्यंत करा हो, लिहून घ्या."

सर हरखून रस्त्यावर आले, तोवर बस गेली होती. मागून आलेल्या एका पार्किंगवाल्याला त्यांची दया आली.

"चला काका, माझ्या गाडीतून सोडतो. फक्त थोडं चालावं लागेल."

"कुठे लावलीय?"

"जागा मिळाली ती तुमच्या वसाहतीपाशीच."