कुसाबाईचा हॉल्ट

निफाड सोडून दहा मिनिटं होतात न होतात तोच पॅसेंजरला कचकन ब्रेक लागला. गोरक्ष गार्डने कपाळाला हात लावला. साखळी कुणी ओढली हे विचारायची गरजच नव्हती.

तो खडी तुडवत पुढे गेला. मधल्या डब्याच्या दारात सत्तरीची कुसाबाई रिकामी पाटी घेऊन उभी होती. दर बुधवारी नाशिकला मेथी-कोथिंबीर विकून ती याच गाडीने परतायची.

“आजी, पाय मोडला म्हणजे कळंल! इथं स्टेशन हाय का?”

“नाय ना बाबा. म्हणून तर वढली.”

“एवढी वाळलीस, जेवतीस तरी का?” असं दटावतच त्याने तिला हात देऊन खाली उतरवलं आणि पाटी तिच्या डोक्यावर ठेवली.

तशी बाई सचोटीची. तिकीट पुढच्या स्टेशनापर्यंतचं काढलेलं असायचं. गाडी हलली की ती रुळालगतच्या पायवाटेने मागोमाग चालत यायची, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत गोरक्षचा जीव टांगणीला लागायचा. तो रजेवर असला की मात्र गाडी म्हणे एकदाही अडत नसे. आपलंच नशीब फुटकं, असं म्हणून तो हसायचा.

‘ब्रेकमध्ये बिघाड’ असं लिहून तो तिला पाठीशी घालत आला. शेवटी साहेबांनी ठणकावलं, “पुन्हा झालं तर बाई कोठडीत आणि तुम्ही घरी!”

म्हातारीला कोठडीत पाहणं त्याच्याने झालं नसतं. तिथे हॉल्ट व्हावा म्हणून त्याने चौऱ्याण्णव सालीच अर्ज टाकला होता. सुट्टीच्या दिवशी वस्त्या पालथ्या घालून अंगठे गोळा केले होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे सात वर्षं लागली. पण नेमका त्याच आठवड्यात मंजुरीचा कागद आला, आणि साहेबांनी पावसाळाभर त्याला मालगाडीवर धाडलं.

दसऱ्यानंतरच्या बुधवारी तो पॅसेंजरवर परतला, तेव्हा मुरमाचा फलाट आणि पत्र्याची शेड तयार होती. गाडी आपणहून थांबली. वस्तीवरच्या बायांनी इंजिनाला झेंडूचा हार घातला. गोरक्षने सगळे डबे न्याहाळले. कुसाबाई काही उतरली नाही.

पुढच्या स्टेशनावर बघतो तर काय, म्हातारी पाटी घेऊन सावकाश उतरत होती.

तो धावतच गेला. “आजी, झोपलीस का गं? तुझं स्टेशन मागं गेलं!”

“माझं कशाचं? माझं घर हे काय, फाटकापाशी.”

गोरक्षने विचारलं, “मग इतकी वर्षं तिथं का उतरत होतीस?”

कुसाबाईने पाटी खाली ठेवली.

“घरी रागवायला कुणी ऱ्हायलं नाय रं. अन् इथं गाडी आपसूक थांबती, तू कुठं खाली येतोस?”